पगार तेलातून, मग बचतही तेलातच कशाला?

जानेवारी २०१६ मधला एक मंगळवार. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, एडमंटनच्या पूर्वेला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या रिफायनरी रो म्हणतात त्या पट्ट्यात मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होतो. सकाळी सव्वानऊला सुपरवायझरने आम्हा सहा जणांना एका खोलीत बोलावलं, दहा मिनिटं बोलला आणि प्रत्येकाच्या हातात एक लिफाफा दिला. अकराच्या सुमारास मी पार्किंगमध्ये, गाडीचं इंजिन थंडीत गोठू नये म्हणून लावतात त्या ब्लॉक हीटरची वायर खांबावरच्या सॉकेटमधून काढत होतो. थंडीने ती काठीसारखी ताठ झाली होती, गुंडाळली जाईना. तशीच मागच्या सीटवर आडवी टाकली. घरी पोचेपर्यंत ती आरशात दिसत राहिली.

रात्री मुलगी झोपल्यावर ब्रोकरेज खातं उघडलं. किती महिने निभावता येईल याचा हिशोब मांडायचा होता. खात्यात एक्सईजी नावाच्या ऊर्जा क्षेत्राच्या ईटीएफचे (अनेक कंपन्यांचे शेअर एकत्र ठेवणाऱ्या, बाजारात शेअरसारख्या विकल्या जाणाऱ्या फंडाचे) युनिट होते, दोन तेल कंपन्यांचे शेअर होते आणि टोरोंटोच्या बाजाराचा एक साधा ईटीएफ होता. २०१४ च्या उन्हाळ्यात शंभर डॉलरच्या वर असलेलं तेलाचं पिंप त्याच महिन्यात तीसच्या खाली गेलं होतं. कॅनडाचा डॉलर अमेरिकेच्या सत्तर सेंटच्या खाली. आमच्याच गल्लीत तीन घरांसमोर विक्रीच्या पाट्या लागलेल्या. नोकरी गेली होती, घराची किंमत उतरली होती आणि अडीअडचणीला म्हणून बाजूला ठेवलेली बचतही उतरली होती, आणि तिन्हींमागे एकच कारण होतं. बेकारी भत्ता त्या वर्षी आठवड्याला जास्तीत जास्त ५३७ डॉलर होता, तोही कर कापायच्या आधी.

बायको तेव्हा एका डेकेअरमध्ये काम करायची. निदान तिचा पगार तेलावर नाही, असं मी तिला त्या रात्री म्हणालो. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अरे, आमच्याकडे मुलांची जॅकेट टांगायच्या खुंट्या आहेत ना, त्यातल्या सात रिकाम्या झाल्यात नाताळपासून. आईबाप घरीच असले तर मूल कशाला ठेवतील?" मार्चमध्ये तिचेही तास कमी झाले.

ते खुंट्यांचं बोलणं मी विसरलेलो नाही. ईटीएफबद्दल मला जे काही सांगायचं आहे ते तिथूनच सुरू होतं. गेल्या काही वर्षांत अल्बर्टात नव्याने आलेली बरीच मराठी मुलं मला विचारतात, "दादा, कोणता ईटीएफ घेऊ?" मी उलट विचारतो, तुझा पगार कुठून येतो? तुझ्या घराची किंमत कशावर अवलंबून आहे? बायकोची किंवा नवऱ्याची नोकरी कशावर चालते? याची उत्तरं आधी कागदावर लिही, फंडाचं नाव मागून.

मी एक्सईजी का घेतला होता? "ज्यातलं कळतं त्यातच पैसे घालावेत" असं आमच्या जेवणाच्या खोलीत सगळेच म्हणायचे, आणि मला ते पटलं होतं. मला व्हॉल्व्ह कळायचे, प्रेशर ट्रान्समीटर कळायचे, कोणत्या प्लांटमध्ये देखभालीची हेळसांड होते तेही कळायचं. पण तेलाचा भाव उद्या काय होईल हे त्यातल्या कशातूनच कळत नाही. माझं ज्ञान खरं होतं, पण ते भावाबद्दलचं नव्हतं.

आणि दुसरा तो साधा, सगळ्या बाजाराचा ईटीएफ? तो तरी सुरक्षित असेल असं मला वाटत होतं. कॅनडात राहणाऱ्या माणसाने इथे नीट लक्ष द्यायला हवं. टोरोंटोच्या निर्देशांकात बँका आणि इतर वित्तसंस्था, ऊर्जा आणि खनिजं ही तीनच क्षेत्रं मिळून निम्म्याहून मोठा भाग व्यापतात. औषध कंपन्या जवळपास नाहीतच. तंत्रज्ञान थोडंसं, तेही मोजक्या कंपन्यांत. २००० साली तर एकट्या नॉर्टेल कंपनीने निर्देशांकाचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग खाल्ला होता. 'सगळा बाजार' घेतलेल्या माणसाच्या दर तीन डॉलरमधला एक तिच्यात होता. २००९ च्या जानेवारीत ती कंपनी दिवाळखोरीत गेली. संपूर्ण देशाचा बाजार घेतला म्हणजे जोखीम विभागली गेली, असं प्रत्येक देशात खरं ठरत नाही. जगातल्या शेअर बाजारांच्या एकूण मूल्यात कॅनडाचा वाटा साधारण तीन टक्के. उरलेलं सगळं जग बाहेर आहे.

मला या देशाबद्दल तक्रार नाही, त्याने आम्हाला खूप दिलं. ईटीएफ ही वस्तूसुद्धा मुळात इथलीच. मार्च १९९० मध्ये टोरोंटो शेअर बाजारात पहिला ईटीएफ सुरू झाला, अमेरिकेत तो तीन वर्षांनी पोचला. त्याचाच वारस आजचा एक्सआययू नावाचा ईटीएफ. पण माझा पगार, माझं घर आणि पुढे माझं सरकारी पेन्शन हे सगळं इथेच गुंतलेलं आहे. मग बचतीने तरी थोडं लांब जावं.

२०१६ च्या ऑक्टोबरमध्ये मला पुन्हा काम मिळालं, पुन्हा तेलातच, कारण मला तेच येतं. यावेळी आधी सहा महिन्यांचा घरखर्च जास्त व्याजाच्या बचत खात्यात साठवला. त्याला दीड वर्ष लागलं आणि त्या काळात मी एकही युनिट विकत घेतलं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण हा भाग सगळे घाईने ओलांडतात. ज्याच्याकडे हे पैसे नाहीत त्याला कितीही चांगला ईटीएफ नेमका पडलेल्या भावात विकावा लागतो. मला एक्सईजी विकावा लागला, फेब्रुवारी २०१६ मध्ये, मॉर्गेजच्या हप्त्यासाठी.

मग फंड. तोवर माझा आरआरएसपी, म्हणजे निवृत्तीसाठीचं कर-सवलतीचं खातं, एका बँकेच्या म्युच्युअल फंडात पडून होता. वार्षिक खर्च २.२ टक्के. ४०,००० डॉलरवर ८८० डॉलर दर वर्षी, फंड वर जावो की खाली. हे पैसे कुठल्याही बिलावर दिसत नाहीत, फंडाच्या किमतीतूनच आतल्या आत वजा होतात, म्हणून इतकी वर्षं लक्षात आलं नाही. बँकेतल्या बाई फार गोड बोलायच्या आणि खर्चाबद्दल त्यांनी एकदाही सांगितलं नाही. विचारायला हवं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

२०१८ च्या सुरुवातीला व्हॅनगार्ड या फंड कंपनीने कॅनडात व्हीग्रो, व्हीबॅल असे ईटीएफ आणले. एका ईटीएफच्या पोटात सात-आठ ईटीएफ: कॅनडा, अमेरिका, युरोप-जपान, उभरते देश, शिवाय कॅनडाचे आणि बाहेरचे रोखे. व्हीग्रोत ८० टक्के शेअर आणि २० टक्के रोखे, व्हीबॅलमध्ये ६०-४०. एखादा भाग फुगला किंवा आकसला की प्रमाण पुन्हा जागेवर आणायचं काम तेच करतात. मी घेतला तेव्हा सगळा खर्च मिळून पाव टक्क्याच्या आत होता. त्याच ४०,००० वर वर्षाला शंभरच्या आत डॉलर. पुढे आयशेअर्सने एक्सग्रो आणि एक्सईक्यूटी आणले, बीएमओचा झेडग्रो आला. यांच्यात कोणता सरस यावर लोक रात्र रात्र वाद घालतात. माझ्या मते फरक इतका बारीक आहे की जो पहिला समजेल तो घ्यावा आणि पुन्हा मागे वळून बघू नये.

मी व्हीग्रो घेण्याआधी मात्र एक हिशोब केला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मुलीच्या गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर. शंभर डॉलर घातले तर त्यातले साधारण २४ कॅनडाच्या शेअरांत जातात. त्यातला ऊर्जेचा भाग चारेक डॉलर. अमेरिकेतल्या आणि इतर देशांतल्या तेल कंपन्या धरल्या तरी एकूण पाच-सहा. माझ्या जुन्या खात्यात हाच आकडा सत्तरच्या वर होता. ते दोन आकडे एकाखाली एक लिहिले आणि बायकोसमोर वही सरकवली. तिने विचारलं, "मग पूर्ण शून्य का नाही?" चांगला प्रश्न होता. पूर्ण शून्य तर होतच नाही, पण त्याच्या जवळ जायचं तर कॅनडाचे शेअर सोडून बाकीचे तुकडे वेगवेगळे घ्यावे लागतात: अमेरिकेसाठी एक्सयूयू, बाहेरच्या प्रगत देशांसाठी एक्सईएफ, उभरत्या देशांसाठी एक्सईसी, रोख्यांसाठी झेडएजी. प्रमाण दर वर्षी आपणच जुळवायचं. मला ते जमलं असतं. पण मी पंधरा-पंधरा दिवस कामाच्या ठिकाणी कॅम्पवर असतो, आणि माझ्या मागे तिला हे सगळं चालवता यायला हवं होतं. पाच-सहा डॉलर तेलात राहिले तर राहू देत, असं आमचं दोघांचं ठरलं.

मार्च २०२० मध्ये परीक्षा झाली. १२ मार्चला टोरोंटोचा निर्देशांक एका दिवसात बारा टक्के पडला. २० एप्रिलला तर अमेरिकेत तेलाचा वायदा शून्याच्याही खाली, उणे ३७ डॉलरवर बंद झाला. प्लांटमधले लोक फोन हातात धरून नुसते उभे होते. माझी नोकरी टिकली, पगारात मात्र दहा टक्के कपात झाली. खातं पडलं होतं, छातीत धस्स झालं हे खरंच. पण उन्हाळा संपेपर्यंत ते सावरलं, तेल सावरायच्या कितीतरी आधी. २०१६ सारखी सगळीकडून एकदम नाकेबंदी झाली नाही. बचत खात्यातल्या सहा महिन्यांना हात लावावा लागला नाही आणि एकही युनिट विकलं नाही.

२०२२ ची गोष्टही सांगायला हवी, नाहीतर हे सगळं एकतर्फी होईल. त्या वर्षी माझी निवड वाईट ठरली. बँक ऑफ कॅनडाने व्याजदर वर्षभरात पाव टक्क्यावरून सव्वाचार टक्क्यांवर नेला आणि कॅनडाच्या रोख्यांचा निर्देशांक साधारण पावणेबारा टक्के पडला. 'सुरक्षित' म्हणून घेतलेले २० टक्के रोखेही शेअरांच्या जोडीने घसरले. तेलाचे शेअर मात्र भराभर वर गेले. आमच्या क्रूमधल्या एकाकडे एक्सईजीच होता, तो रोज जेवताना आकडा सांगायचा. मी दोन रात्री झोपलो नाही.

तिसऱ्या दिवशी पगाराची स्लिप आली. टर्नअराउंड, म्हणजे प्लांट बंद ठेवून करायची मोठी देखभाल, चालू होता, बारा-बारा तासांच्या शिफ्ट, ओव्हरटाइम दुप्पट दराने. त्या वर्षी माझी कमाई आजवरची सगळ्यात जास्त होती, आणि ती तेलामुळेच होती. तेल वर गेल्याचा माझा वाटा मला मिळतच होता, दर दोन आठवड्यांनी, बँकेत. बचतीने आणखी तोच वाटा आणावा अशी अपेक्षा ठेवायचं मला कारण नव्हतं. बचतीची गरज मला तेल पडलेल्या वर्षी असते. हे एकदा डोक्यात बसल्यावर क्रूमधल्या मित्राचा आकडा ऐकून त्रास व्हायचा थांबला.

आता खात्यांबद्दल, कारण कोणता ईटीएफ यापेक्षा तो कुठे ठेवला यावर जास्त पैसे वाचतात किंवा बुडतात. टीएफएसए या करमुक्त बचत खात्यात नवे आलेले लोक एक चूक हमखास करतात. २००९ पासून पात्र असलेल्या माणसाची २०२६ पर्यंतची एकूण मर्यादा १,०९,००० डॉलर, हा आकडा सगळीकडे दिसतो. पण आपली मर्यादा आपण कॅनडाचे रहिवासी झालो त्या वर्षापासून मोजली जाते. २०२३ मध्ये आलेल्याची २०२६ पर्यंतची मर्यादा २७,५०० डॉलर होते, त्याहून एक डॉलर जास्त नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलाने घर विकून आणलेले पैसे एकरकमी टीएफएसएत भरले. जास्तीच्या रकमेवर दर महिन्याला एक टक्का दंड लागतो. त्याच्या लक्षात येईपर्यंत नऊ महिने गेले होते. बिचाऱ्याने ईटीएफ अगदी उत्तम निवडला होता.

अमेरिकी लाभांशावर अमेरिका कापून घेते त्या १५ टक्के कराबद्दल मला नेहमी विचारतात. नियम असा: अमेरिकेच्या बाजारात नोंदलेला ईटीएफ थेट आरआरएसपीत ठेवला तर दोन देशांतल्या कर करारामुळे ही कपात होत नाही. टोरोंटोत नोंदलेला, आत अमेरिकी शेअर असलेला ईटीएफ ठेवला तर होते. टीएफएसएत दोन्हींवर होते आणि परत मिळत नाही. साध्या करपात्र खात्यात कापलेल्या कराचं क्रेडिट विवरणपत्रात मागता येतं. मी हिशोब केला: व्हीग्रोत एक लाख असतील तर पस्तीसेक हजार अमेरिकेत, लाभांश दीड टक्का धरला तर ५२५ डॉलर, त्यावरची कपात वर्षाला ऐंशीच्या आत. ते वाचवायला आधी डॉलर बदलून घ्या, त्याचा खर्च सोसा, दुसऱ्या चलनातला ईटीएफ सांभाळा. ज्याच्या आरआरएसपीत पाच-सहा लाख आहेत त्याने जरूर करावं. मी केलं नाही. आणि करपात्र खात्यात अमेरिकेतले ईटीएफ घेतले तर ते परदेशी मालमत्ता कळवायच्या टी-११३५ फॉर्मच्या एक लाख डॉलरच्या हिशोबात धरले जातात, हेही लक्षात असू द्या. गावाकडे भाड्याने दिलेला फ्लॅट असेल तर त्याची खरेदी किंमतही त्याच हिशोबात येते.

भारताच्या ईटीएफचा मोह मलाही झाला होता. एक्सआयडी आहे, झेडआयडी आहे, नावं बघूनच मन ओढलं जातं. पण आईवडिलांचं घर, भावाबरोबरची सामायिक जमीन हे सगळं तिकडेच आहे, आणि व्हीग्रोच्या उभरत्या देशांच्या भागात भारत आहेच. जो प्रश्न मी तेलाला विचारला तोच इथे विचारला आणि उत्तरही तेच आलं.

आपल्याकडच्या शेअरांची पुढची वाढ आधीच दुसऱ्याला विकून, दर महिन्याला, वार्षिक सात-आठ टक्के दराने पैसे वाटणारे कव्हर्ड कॉल ईटीएफ निवृत्तीला आलेल्या लोकांत फार लोकप्रिय आहेत. मी ते घेत नाही. पडताना ते जवळजवळ पूर्ण पडतात आणि चढताना त्यांचा वरचा भाग विकलेला असतो. माझ्यासाठी तेवढं पुरेसं आहे.

खरेदी मी अशी करतो. टोरोंटोचा बाजार आमच्या वेळेप्रमाणे सकाळी साडेसातला उघडतो आणि दुपारी दोनला बंद होतो. पहिली पंधरा-वीस मिनिटं सोडून देतो, तेव्हा खरेदी-विक्रीच्या भावांत जास्त अंतर असतं. दहाच्या सुट्टीत ट्रकमध्ये बसून, हातमोजा काढून, लिमिट ऑर्डर (ठरवलेल्या भावाहून महाग न घेणारी) टाकतो: विकणाऱ्याचा जो भाव दिसतो तोच, फार तर एक सेंट वर. मिळेल त्या भावाला घेणारी मार्केट ऑर्डर कधीच नाही. बोटं गार पडायच्या आत काम होतं. पगार झाला की दुसऱ्या दिवशी. भाव चढा आहे की उतरलेला हे बघत नाही.

करपात्र खात्यात युनिट असतील तर एक गोष्ट वहीत लिहून ठेवावी लागते. डिसेंबरअखेर काही ईटीएफ असं वाटप जाहीर करतात जे हातात रोख येत नाही, आतच गुंतवलं जातं, पण त्यावर कर लागतो. त्या रकमेने आपली खरेदी किंमत वाढवून घ्यायची असते. नाही केलं तर विकताना त्याच पैशावर दुसऱ्यांदा कर भरावा लागतो. एकच ईटीएफ असेल तर वर्षातून हे एकदा, दहा मिनिटांचं काम. अकरा असतील तर अकरा वेळा.

आमचा आरईएसपी, म्हणजे मुलीच्या शिक्षणासाठीचं बचत खातं, मात्र वेगळा चालतो. वर्षाला २,५०० भरले की सरकार २० टक्के म्हणजे ५०० डॉलर घालतं, आयुष्यात एकूण ७,२०० पर्यंत. मुलगी लहान होती तोवर ते पैसे व्हीबॅलसारख्याच ६०-४० च्या एक्सबॅल ईटीएफमध्ये होते. आता ती पंधराची होतेय, तीन-चार वर्षांत फी भरायची आहे. अल्बर्टात तेल पडलं की विद्यार्थ्यांना सुट्टीतली कामंही मिळत नाहीत, म्हणून हे पैसे बाजाराच्या तालावर सोडायचे नाहीत असं ठरवलं. दर सहा महिन्यांनी थोडे थोडे व्हीएसबीत, म्हणजे कमी मुदतीच्या कॅनेडियन रोख्यांच्या ईटीएफमध्ये हलवतोय. पहिल्या वर्षाची फी जीआयसीत, म्हणजे मुदत ठेवीत ठेवली आहे. गेल्या वेळची ऑर्डर बायकोने टाकली. मी कॅम्पवर होतो. तिने फोन केला तो फक्त झाली एवढं सांगायला.